त्राकियातली ओली भिंत

३ सप्टेंबर

शी! तीन घरं पाहिली, तिन्ही ओकारी आणणारी. पहिल्यात न्हाणीघराचं दार काढून तिथे पडदा लावलेला. दुसऱ्यात स्वयंपाकघर मधोमध कापून दोन बिऱ्हाडं केलेली — एकाला शेगडी, दुसऱ्याला खिडकी! तिसऱ्याचं लिहवत नाही. झुरळं.

आणि ल्युद्मिल शीळ घालत फिरतोय. "ताई, तू भिंती बघू नकोस, आकडे बघ. तुला कुठे राहायचंय तिथे?"

माझ्या धाकट्या बहिणीचा, नेदाचा हा नवरा. गेल्या वर्षीपर्यंत जुन्या गाड्या विकायचा. आता म्हणे 'गुंतवणूक सल्लागार'. बाबांची चेरीची बाग विकून मिळालेले माझ्या वाट्याचे पैसे बँकेत पडलेत, हे त्याला माझ्याआधी आठवतं. पण मलाही कळतंय — औषधाच्या दुकानात उभी राहून आणखी किती वर्षं पाय टिकतील? पेन्शनमध्ये हिवाळ्याची शेगडीसुद्धा पेटायची नाही. एखादं लहान घर घेऊन भाड्याने द्यावं, एवढंच मनात आहे.

४ सप्टेंबर

नाकातून त्या तिसऱ्या घराचा वास अजून जात नाही.

७ सप्टेंबर

ल्युद्मिलने दिलेला हिशोब घेऊन बसले. भाडं गुणिले बारा, भागिले किंमत — झालं! जणू घर कधी रिकामं राहतच नाही, गीझर कधी फुटतच नाही, सरकार कर मागतच नाही. भाडेकरू बदलला की एक महिना रिकामा धर, रंग धर, जिन्याच्या दिव्याची-सफाईची वर्गणी धर. मी धरलं. चौथा हिस्सा गेला.

फोन केला. "ताई, असा विचार करशील तर कोणीच घर घेणार नाही."

"मग हे तुझ्या गिऱ्हाइकांना सांगतोस की नाही?"

"विचारलं तर सांगतो."

कोण विचारणार! पहिल्यांदा घर घेणाऱ्याला काय विचारायचं तेच माहीत नसतं. त्याच्यावरच याचं पोट चालतं.

१२ सप्टेंबर

आज त्राकियात, शहराच्या कडेच्या जुन्या इमारतींच्या वस्तीत. चौथा मजला, दक्षिणेची खिडकी, खालच्या अंगणात कोणीतरी मिरच्या भाजत होतं — मन प्रसन्न झालं. मग झोपायची खोली पाहिली. अर्धी भिंत ओली, हिरवट, आणि असा आंबूस वास की रुमाल लावावा लागला.

भाडेकरू बाई आहेत, दोब्रिन्का मावशी. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त. एकट्या. खूप वर्षांपासून महिना अडीचशे युरोत राहतायत. "जपून गं, बाई," म्हणाल्या, "दर हिवाळ्यात वाढतं. माझी गादी कुजली." खोकल्यासुद्धा. मालक व्हिएन्नात दातांचा डॉक्टर, इकडे फिरकत नाही. मागतोय ऐंशी हजार.

त्यांनी रीतीप्रमाणे बशीत गोड मुरंबा आणि पाणी आणून दिलं. मी चमचा तोंडात घालते तोच ल्युद्मिल म्हणतो, "म्हातारीला काढू, रंग मारू, साडेचारशे कुठे गेले नाहीत!" त्यांच्यासमोर! हळू आवाजात बोलायचेही कष्ट नाहीत. मी चमचा बशीत परत ठेवला.

१५ सप्टेंबर

बँक. कर्ज देणारी मुलगी गोड बोलते. पहिलं वर्ष व्याज कमी, मग "बदलतं". मी विचारलं, दोन टक्क्यांनी वाढलं तर?

"तसं सहसा होत नाही हो."

"झालं तर? हप्ता काढून दाखव."

नाक मुरडत काढला. मावशींच्या भाड्यात बसत नाही. मुळात आजचाही बसत नाही. साडेचारशेत मात्र बसतो. "तुमचे सल्लागार म्हणाले ना, घर रिकामं होणार आहे?" — म्हणजे त्याने आधीच येऊन सांगून ठेवलंय! एका म्हाताऱ्या बाईला हाकललं तरच हे कर्ज उभं राहतं, आणि सगळे किती हसून बोलतायत. वीट आला.

१९ सप्टेंबर

आज एकटीच गेले, कोणाला न सांगता. शेजाऱ्यांना विक्रीतून कमिशन मिळत नाही, म्हणून त्यांनाच विचारायचं ठरवलं. वरच्या मजल्यावरचा माणूस म्हणाला, "पाणी? त्या भिंतीत नळच नाही." खालच्या बाईने तर आत नेऊन छत दाखवलं — कोरडं ठणठणीत!

मग मावशींकडे. दार उघडंच होतं. हाक मारत आत गेले, तर बाई गॅलरीतल्या टोमॅटोंवर मारायचा फवारा घेऊन भिंतीवर पाणी मारतायत!

लाजल्या नाहीत. फवारा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "कोबीच्या लोणच्याचं जुनं खारं पाणी आहे. हिरवा रंग पालकाचा. शाळेत चारशे पोरांना जेवण घातलंय मी, एक भिंत नासवता येणार नाही?"

"पण का?"

"का म्हणजे? तू घेशील, मला काढशील. आठ जण नाक दाबून परत गेले. तू नववी."

मी हसत सुटले. किती दिवसांनी! मग त्यांनी कॉफी टाकली. कोणाला सांगणार नाही म्हणून शब्द दिला.

२१ सप्टेंबर

शब्द दिला खरा, पण डोक्यात हिशोब सुरू झाला. भिंत कोरडी आहे हे फक्त मला माहीत. डॉक्टर घाबरला की किंमत उतरेल. किंमत उतरली की कर्ज लहान. कर्ज लहान झालं की अडीचशेतही जेमतेम बसतं — बाई राहते, मीही घर घेते!

जाऊन सांगितलं. भाडं पाच वर्षं वाढवणार नाही, कागदावर लिहून देते. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "देव पावला," म्हणाल्या.

देव कसला! एका माणसाला फसवायचं ठरवून आलेय मी. त्याने इतक्या वर्षांत बाईंचा गीझर बदलला नाही, हे खरं. तरी आरशात बघावंसं वाटलं नाही. ल्युद्मिलला नावं ठेवते आणि स्वतः काय करतेय?

२७ सप्टेंबर

ल्युद्मिलमार्फत बासष्ट हजार सांगितले. डॉक्टर फोनवर ओरडला म्हणे. मावशींनीही माझ्यासमोर त्याला फोन केला — आता छतही गळतंय! खोटं इतकं सहज बोलतात की मला घाम फुटला.

नेदाचा फोन: "बाबांची बाग विकून ओल विकत घेतेस? डोकं ठिकाणावर आहे ना?" मावशींना शब्द दिलाय, म्हणून "स्वस्तात मिळतंय" एवढंच म्हटलं.

४ ऑक्टोबर

कबूल झाला! बासष्ट! बँकेचे कागद व्हायला अजून तीन आठवडे. बनित्सा, चीज भरलेली पापुद्र्यांची गरम पोळी, घेऊन मावशींकडे धावले. त्यांचा विश्वासच बसेना. "खरंच बासष्टला तयार झाला? नक्की?" पुन्हा पुन्हा विचारत होत्या. बिचाऱ्या.

रात्री झोप छान लागेल असं वाटतंय.

१० ऑक्टोबर

ल्युद्मिलचा फोन. आवाज बसलेला. "ताई, घर गेलं. डॉक्टरला रोख देणारं गिऱ्हाईक मिळालं, बँकेची वाट कोण बघणार? आजच सही झाली. बासष्टलाच."

"कोणाला दिलं?"

"त्या म्हातारीला! पोरगा स्पेनमध्ये ट्रक चालवतो, त्याने पैसे पाठवले. कधीपासून जमवत होते म्हणे. ऐंशी झेपत नव्हते."

फोन ठेवला. माझ्याकडून घासाघीस करून घेतली बाईने! रागवायला बसले, जमेना. चक्क हसू आलं. बाई स्वतःच्या घरात आहे. बाबा असते तर टाळी दिली असती.