कपाटातला पंप

१२ नोव्हेंबर १९५८, तोंडवली

सहदेव ड्रायव्हरने आज पुन्हा अर्धा तास खाल्ला! जीप आणि ट्रेलर किनाऱ्यावर रापणीच्या जाळ्यापर्यंत न्यायचा तर चाकं वाळूत रुततात, म्हणून तो हवा काढतो. ठीक. पण सडकेला लागला की हा बसलाच पंप घेऊन — जीपची चार चाकं, ट्रेलरची दोन. तोवर कणकवलीहून कोल्हापूरचा ट्रक निघून गेला. पाट्याच्या पाट्या बांगडे फुकट.

पंपाच्या मुठीला लाल चिंधी बांधलीय. बायकोच्या लुगड्याची म्हणे! राजाच्या हाताला फोड येतात.

१४ नोव्हेंबर

ट्रेलरच्या आत त्याने चुन्याची रेघ मारली. "वैनीनू, हेच्या वर म्हावरा भरू नकात. ट्रेलर सात मणांचो, तुमी चवदा घालतास." ट्रेलर कोणाचा रे? तुझ्या बापाचा? त्याच्या बायकोला, यशोदेला, बोलावून ती रेघ घासून काढायला लावली. त्याच्यासमोर! तो मान खाली घालून उभा. बरं वाटलं मला, खोटं कशाला लिहू? हे गेल्यापासून जो तो मला शहाणपण शिकवायला येतो.

१७ नोव्हेंबर

पंप काढून घेतला. माझ्या कपाटात, शालूखाली. किल्ली कमरेला.

"वैनीनू, टायर झिजान गुळगुळीत झाले. अर्ध्या हवेर इतक्या वझ्यान तापान फुटतले. पंप तरी दियात, नायतर वझा कमी करा." रडत होता जवळजवळ. मी म्हटलं, नको चालवूस. शिवाला लायसन मिळालंय, तो दारात उभाच आहे. लगेच जाऊन गाडीत बसला! पोट असलं की माणूस वळणावर येतो.

१८ नोव्हेंबर

वेळेत पोचला. बघा!

२१ नोव्हेंबर

फुटला.

२२ नोव्हेंबर

आचऱ्यापुढच्या उतारावर ट्रेलरचा डावा टायर गेला. ट्रेलर उलटला. वर पाटी घेऊन हौसाबाई बसली होती, मासे विकणारी — ती खाली सापडली. जागीच गेली. रोज तिला वर बसू दे असं मीच सांगायचे. पायी चालली तर उशीर करते म्हणून.

फौजदार आले. म्हणाले, "चाकांत हवा का नव्हती? पंप कुठे होता?" मी म्हटलं, गाडीतच होता की! भरायचा आळस, दुसरं काय. वर दारूही पितो. (पीत नाही.) सहदेव ओरडला, "पंप वैनींनी काढून घेतल्यानी! देवाशप्पथ!" फौजदारांनी त्याच्या कानाखाली दिली. माझं कपाट उघडून बघायचं त्यांना सुचलं नाही. चहा दोनदा घेतला.

२९ नोव्हेंबर

सहदेव मालवणला कोठडीत. जामीन राहायला कोणी नाही. मी राहू की काय?

५ डिसेंबर

यशोदा दारात आली. म्हणाली, "वैनीनू, पोटाक काय नाय. काम दियात." ठेवून घेतली. भांडी, केर, पाणी. गावात बोलतात, वैनींचं मन मोठं. बोलू देत.

पहिले काही दिवस तिच्याकडे बघवत नव्हतं. आता बघवतं.

२ जानेवारी १९५९

यशोदेने विचारलं, "त्यांका किती वर्सां होतीत?" मी म्हटलं, हौसाबाईला विचार. फरशी पुसता पुसता थांबली, मग पुन्हा पुसायला लागली.

हे मी का बोलले? जीभच तशी माझी.

११ जानेवारी

नवे टायर घातले. शिवाला सांगितलं, सात मणांच्या वर एक पाटी घालायची नाही. आणि वर कोणी बसायचं नाही. तो हसला. "सहदेवय ह्याच सांगी होतो, नाय वैनीनू?" मी आत गेले.

१९ जानेवारी

नव्या टायरांवर जीप आज सकाळी पहिल्यांदाच किनाऱ्यावरून वर आली. शिवा बाहेरून ओरडला, "वैनीनू, हवा भरूक होयी! पंप खंय?" मी पूजेत होते. सवयीने किल्ली काढली आणि टाकली — यशोदे, माझ्या कपाटात आहे, शालूखाली. दे त्याला.

किल्ली हातातून सुटली तेव्हा कळलं.

ती पंप घेऊन बाहेर आली. मुठीची लाल चिंधी अंगठ्याने चाचपत होती. मी म्हटलं, यशोदे, आण इकडे.

"फाल्यां कोर्टात त्यांची तारीख आसा, वैनीनू," म्हणाली. उद्याच! पंप पदराखाली घेतला आणि मालवणच्या वाटेला लागली. शिवा बघत राहिला.

किल्ली कपाटालाच आहे.