सायरनचा पत्ता

कॅलगुर्ली, ऑगस्ट १९९८

प्रिय क्लेम,

तुझा उजवा डोळा वाचणार नाही, असं कानावर आलं. पबमध्ये पहिला ठोसा माझा होता. तू पडल्यावर तोंडावर बसलेली लाथही माझीच. बाकीचे नंतर तुटून पडले. "मी सायरनचं बटण दाबलं होतं रे, लाकलन!" असं तू ओरडत होतास आणि मी विचारत होतो, "मग माझा भाऊ मेला कसा, हरामखोरा?" आता गुरुवारच्या चौकशीत तू तुरुंगात जाणार, असं सगळी खाण खुशीत बोलतेय.

सुरुंग उडाला तेव्हा डूगल खाणीच्या पायरीवर डबा उघडून बसला होता. सायरन वाजलाच नाही. त्याला गोळा करायला मीच गेलो. एक बूट सापडला, जड लागला म्हणून आत पाहिलं. पुढचं लिहवत नाही.

तू बटण दाबलं नाहीस याचा पुरावा हवा, म्हणून काल तुझ्या कॉम्प्युटरला हात घातला. मी सांभाळतो ते आपलं नेटवर्क म्हणजे खिचडी, अर्धी यंत्रं जुन्या प्रोटोकॉलच्या भाषेत बोलतात, अर्धी नव्या. नावाने मारलेली हाक आपल्याच सबनेटमध्ये, नेटवर्कच्या आपल्याच तुकड्यात, घुमते, राउटर ती पलीकडे नेत नाही. सायरनच्या यंत्राचा आकडा, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, टाकला, ते लगेच बोललं. 'सायरन' हे नाव टाकलं, तर ओ दिली कँटीनच्या प्रिंटरने! मग नावापुढे आकडा हाताने लिहून ठेवायची ती फाइल उघडली. आत एकच ओळ होती, माझी. गेल्या वर्षी तू कटकट करायचास, "नावाने सापडत नाही रे!" तेव्हा मीच ती लिहून म्हणालो होतो, "घे, आता मरेपर्यंत सापडेल."

सुरुंगाच्या आदल्या दिवशी, सोमवारी, सायरनचं यंत्र दुसऱ्या सबनेटवर मी हलवलं. मोकळा झालेला आकडा प्रिंटरला मी दिला. ओळ बदलायची राहिली. मंगळवारी बारा बावन्नला तू बटण दाबलंस, त्याची नोंद आहे. प्रिंटरने ओ दिली, तुझ्या पडद्यावर 'पोचलं' उमटलं. तीन मैलांवरून सायरन वाजला की नाही, तुला कसं कळणार? तू सुरुंगवाल्यांना होकार दिलास.

ती ओळ पुसावीशी वाटली, खोटं कशाला बोलू? मग छापली, खाली सही केली आणि सकाळी चौकशीवाल्यांच्या हातात दिली. तू सुटशील. डोळा मला परत देता येणार नाही. हे तुला इतरांच्या तोंडून कळू नये म्हणून लिहिलं. आता आईकडे निघालोय. डूगलला कुणी मारलं, असं ती रोज मला विचारते.

तुझाच, अजून म्हणू देशील तर,
लाकलन