पोखर्णीचा पाला आणि माझं थँक्यू

चि. राजनंदिनीस,

परभणीहून मंजुषामावशीचे अनेक आशीर्वाद. तू बरी असशील, वेळेवर जेवत असशील आणि महिना झाला तरी पाला आला नाही म्हणून माझ्यावर रागावली असशील. क्षयाच्या जंतूंवर गावठी औषधं तपासणारी तुझी प्रयोगशाळा त्या पाल्यासाठी खोळंबली आहे, हे मला ठाऊक आहे; धुरपताबाईला त्याचं काही नाही.

पोखर्णीची ही बाई खोकल्याचा काढा देते. तिच्या शेजारचा लिंबाजी दोन पावलं चालला की धापा टाकायचा, तो आता उसाच्या मोळ्या उचलतो, एवढी तिची ख्याती. तिचा नियम असा, की शनिवारी सांजेला झाडाला हळदकुंकू, अक्षता वाहून आवतण द्यायचं आणि रविवारी उजाडताना मुक्यानं पाला तोडायचा. (झाड अडुळशाचंच आहे. पण नाव घेतलं की गुण जातो, म्हणून पाल्याच्या पिशवीवर लावायच्या तुझ्या चिठ्ठीवर मी नुसतं ‘ते झाड’ लिहिलंय.) मला वाटलं, सोपं आहे. कॉन्व्हेंटात सिस्टर ओठांवर बोट ठेवून प्रार्थनेला नेत, त्या रांगेत मी दहा वर्षं काढली. पण कुणाकडून काही घेतलं की आभार मानायचे, हेही त्याच सिस्टरांनी अंगात मुरवलं. पहिली फांदी हातात आली आणि मी झाडाला म्हणाले, “थँक्यू.”

“बोललाव ना बाई!” मागून धुरपताबाई म्हणाली. “टाका आता शेळीला.”

पुढच्या रविवारी तोंडात पदराचा बोळा धरून गेले, तर खोकल्याची उबळ आली. खोकणं म्हणजे बोलणं नव्हे, असं मी म्हणणार होते; पण धुरपताबाई झाड सोडून माझ्याकडेच बघायला लागली. “किती दिस झाले खोकायलाव?” महिना झाला असेल, म्हटलं, तुझाच काढा दे. “आदी सरकारी दवाखान्यात बेडका तपासा. गोळ्या लागल्या तर गोळ्या, मंग काडा.” लिंबाजीलाही तिनं सहा महिने समोर बसवून दवाखान्याच्या गोळ्या गिळायला लावल्या होत्या म्हणे. मग काढा कशाला गं? “काडा लय कडू. त्याच्या म्होरं गोळी गोड लागती.”

हे तुझ्या अहवालात कसं बसवायचं, ते तू बघ.

तुझी,
मंजुषामावशी

ता.क. रिपोर्ट आला. क्षयच निघाला. घाबरू नकोस, गोळ्या सुरू झाल्यात. तुझ्या आईला इतक्यात कळवू नकोस. धुरपताबाई रोज सकाळी फोन करते आणि “गिळली का?” एवढंच विचारून ठेवून देते.

आणखी एक ता.क. पाला अजून झाडावरच आहे. खोकणारं माणूस आता झाडापाशी चालत नाही म्हणते. न खोकणारं कुणीतरी शनिवारी हवं. येशील का? मास्क मी बांधेन. पाला नाही मिळाला तरी चालेल.