विव्हर्सचे पाच आठवडे

१२ एप्रिल
विव्हर्सचा लीड्समधला पहिला सामना. रग्बी क्लबचं भाड्याचं मैदान. रग्बीचे एच आकाराचे पांढरे खांब काढून अमेरिकन फुटबॉलचे पिवळे लावलेत, एका पायावर उभे. स्टँड निम्मा भरलेला, पण गावात पगारी संघ आला हेच खूप. आमचा मुलगा निरंजन त्यांचा किकर. तीन तासांच्या खेळात मैदानावर येतो तो काही सेकंद, बॉल खांबांमधून मारायला. आज चार वेळा आला. चारही आत. सुलभा मांडीवर थर्मॉस धरून बसली होती. म्हणाली, "एवढ्यासाठी रेल्वेची नोकरी सोडली?" उत्तर तयार होतं. पण ओरडून ओरडून घसा बसला होता.

२० एप्रिल
सु.चा प्रश्न जात नाही डोक्यातून. नि.नं सिग्नल इंजिनिअरची नोकरी सोडली ती माझ्यामुळे. डिसेंबरात जेवताना इतकंच म्हणाला होता, नवा संघ निघतोय, ऑफर आहे, कळत नाही काय करावं. मी उभा राहिलो. स्वतःच्या स्वयंपाकघरात, दोन माणसांच्या सभेत. माणूस आयुष्यभर दुसऱ्याचे सिग्नल सांभाळायला जन्मलेला नाही वगैरे. वाक्यं चांगली होती, अजून आठवतात. सु. तेव्हाच म्हणाली, "ह्यांचं भाषण संपलं की मतदान झालेलं असतं."

२ मे
इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या वर्षाताईंचा फोन. २३ला महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम (आपला १ मे सोयीच्या शनिवारी). त्यात नि.चा सत्कार. शाल, श्रीफळ, मानपत्र. "आणि बोलायचं तुम्हीच, दादा. दुसरं कोण आहे आपल्याकडे?" होकार दिला. नि.ला विचारलं नाही. आपल्यात सत्कारमूर्तीला सर्वांत शेवटी कळतं. त्याला कळलं ते व्हॉट्सॲप ग्रुपवर, स्वतःच्या फोटोसकट.

११ मे
क्लबची ईमेल. नि.नं किचनमध्ये उभ्यानं वाचून दाखवली. मालक अमेरिकेत. त्यांनी 'सीझन तूर्त थांबवायचं' ठरवलंय. खेळाडूंनी आपापले बूट घेऊन जावेत.
तूर्त. मी नोकरीला होतो तो हॉस्पिटलातला वॉर्ड बंद केला तेव्हाही नोटिशीत हाच शब्द होता. तिथे आता कार पार्क आहे.
सु.नं नि.च्या पुढ्यात ताट ठेवलं. मला टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

१४ मे
पबच्या वरच्या खोलीत समर्थकांची सभा. माणसं जिन्यापर्यंत. पंचवीस मिनिटं बोललो. हॉस्पिटलच्या युनियनमध्ये तीस वर्षं बोललो, पण असं क्वचितच जमलं असेल. क्लब म्हणजे दुकान नव्हे, की मालकानं शटर ओढलं आणि गाव घरी गेलं. शेवटचा सामना झालाच पाहिजे, मालक नसला तरी. लोक उठून उभे राहिले. मागे नि. भिंतीला टेकून, खाली बघत.
टाळ्या थांबल्यावर क्लबच्या ऑफिसातली केरी शाळेतल्यासारखा हात वर करून म्हणाली (इथे कुणालाही 'लव्ह' म्हणतात), "फार सुंदर बोललात, लव्ह. पण खांब आज सकाळीच काढले."
कुणीतरी बिअर मागवली. मग सगळ्यांनीच.
ज्याला ऐकवायचं तो मालक खोलीत नव्हता. युनियनच्या वेळी निदान मॅनेजर समोर असायचा, घड्याळाकडे बघत का होईना.

१६ मे
बसनं जाऊन मैदान पाहून आलो. पांढरे एच परत उभे. पिवळ्या खांबांच्या जागी नवी माती, वर बी टाकलेलं. माळी म्हणाला, जूनपर्यंत कळणारही नाही.
कळू नये म्हणून इतकी मेहनत.

१९ मे
वर्षाताईंना म्हटलं, सत्कार रद्द करा. त्यांचं म्हणणं, मानपत्र फ्रेम झालंय, शाल कुणाच्या तरी आईनं पुण्याहून आणलीय. शिवाय आता रद्द केलं तर जास्त वाईट दिसेल. सु.लाही ते पटलं.
नि. ऐकत होता. "मी येतो. दे मीन वेल. पण बाबा, तुम्ही बोलू नका. प्लीज."
असं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मॅनेजरनंसुद्धा नाही.

२३ मे
मानपत्र क्लब बंद होण्याआधी लिहिलेलं, तसंच वाचलं गेलं. 'आपल्या संघाला विजयाकडे नेणारे...' हॉलमध्ये सगळ्यांना माहीत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नि.नं वाकून नमस्कार केला, सगळ्यांना, क्रमानं. मग माझं नाव. लोक खुर्च्या सरसावून बसले. नि. शाल पांघरून, नारळ दोन्ही हातांत धरून. चेहऱ्यावर काही नाही.
म्हणालो, "मंडळाचा आभारी आहे." आणि बसलो.
माइक गेला असं समजून कुणीतरी तो ठोकून पाहिला.
गाडीत सु. म्हणाली, "पस्तीस वर्षांत पहिल्यांदा थोडक्यात आवरलंत." मागे नि. हसला. ११ तारखेनंतर पहिल्यांदा.

२७ मे
नि.ला दोन निरोप. जर्मनीतल्या एका संघाला किकर हवाय, याच सीझनपुरता. तो संघही नवाच. आणि रेल्वेतले जुने साहेब विचारतायत, जागा अजून भरलेली नाही, येतोस का. दोघांनाही शुक्रवारपर्यंत उत्तर हवं.
संध्याकाळी किचनमध्ये आला, डिसेंबरात बसला होता त्याच खुर्चीवर बसला. सु. पोळ्या लाटत होती, थांबली.
"बाबा, आता बोला ना. काय करू?"
मी उठून उभा राहिलो. सवयीनं. दोघं माझ्याकडे बघत होते. तीस वर्षांत वाचलेलं, बोललेलं सगळं जिभेपर्यंत आलं. दोन्ही बाजूंनी बोलता आलं असतं, आणि सारखंच चांगलं.
उभा होतो म्हणून केटल लावली.
तिघांनी चहा घेतला. नि.नं कप धुऊन ठेवला आणि वर गेला. वरून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. उघडली की लावली ते कळलं नाही.
आज बुधवार.