शिकाऊ बायका

नरपड,
११ डिसेंबर २०२४, बुधवार

प्रिय मनिषदादास,

संगिताचा नमस्कार. मोरबीत थंडी फार आहे म्हणतात, स्वेटर घालत जा. घरी गंजाडला सगळं ठीक. आईचा गुडघा दुखतो, तरी वालाला पाणी घालायला तीच जाते. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र आपल्या गावच्या भिकाजवळ देते. तो तुमच्याच टाइल्सच्या कारखान्यात लागतोय.

समोर ओहोटी लागली आहे. ओल्या वाळूत सगळं आभाळ उतरलंय आणि बगळे त्यावरून चालतायत. खूप वेळ नुसतीच बघत बसले.

तळासरीच्या कंपनीचं तुझ्या कानावर आलं असेल. मंदीत आपला डहाणूचा फुग्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा तळासरीत नव्याने आलेल्या त्या इटलीवाल्यांना आपलेच हात हवे होते, पण शिकाऊच्या पगारात. तू गेटवर सांगितलंस, "जुना पगार द्या, नाहीतर कोणी आत जाणार नाही." आम्ही तुझ्या मागे उभे होतो. मग तू मोरबीला गेलास. नंतर सोमी आत गेली. हळूहळू बाकीच्या.

मीही गेले, दादा.

आईच्या औषधाचं कारण सांगता आलं असतं. पण खरं सांगते, मला त्या कामाची आठवण यायची. साचे रबराच्या दुधात बुडतात, लाल होऊन, पिवळे होऊन वर येतात, थेंब गळत गळत भट्टीकडे जातात. डोळे मिटले की तेच दिसायचं. घरी बसून मी रिकाम्या हातांनी फुग्याच्या कडा वळायचे. आई हसायची.

आम्हाला शिकवायला इटलीहून मार्टा नावाची बाई आली. आईच्याच वयाची असेल. तिथला कारखाना बंद करून त्याच मशिनी इथे आणल्यात, आणि आमची मशिन तिकडे तीच चालवायची. पहिल्या दिवशी तिने मशिनीवर हात ठेवला, गाईच्या पाठीवर ठेवतात तसा. ऑफिसातली वर्षा तिचं बोलणं आम्हाला सांगायची. एकदा मी विचारलं, "तुमचं काम आता मी करणार. राग नाही येत?" वर्षाने घाबरत घाबरतच ते विचारलं.

मार्टा म्हणाली, "राग घेऊनच विमानात बसले होते. इथे येऊन तुमचे हात बघितले, मग कुणावर रागावू ते कळेना."

तिच्या शेवटच्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "या बायका अजून किती महिने शिकाऊ राहतील?" मार्टा काहीतरी बोलली. वर्षाने एकदा साहेबांकडे बघितलं. मग आमच्याकडे तोंड करून मराठीतच म्हणाली, "त्या म्हणतायत, या शिकाऊ नाहीत. मला यांना काही शिकवावं लागलंच नाही."

साहेब हसले. तेवढ्यात कोणीतरी विचारलं, "मग शिकाऊचा पगार का?"

आवाज माझा होता, दादा. मलाच तो लांबून ऐकू आला.

कोणीच मशिनीकडे गेलं नाही. टाक्यांमधले रंग पाण्याच्या डबक्यांसारखे शांत पडून होते. मार्टा आमच्यात येऊन खाली बसली. दुपारी साहेबांनी मानलं. सगळ्यांना कुशल कामगाराचा पगार. जुन्याइतका नाही, पण जवळपास. सोमी तर रडलीच.

संध्याकाळी सुटताना गेटवरच्या वॉचमनने माझ्या एकटीचं कार्ड काढून घेतलं. "उद्यापासून येऊ नका."

हे आईला अजून सांगितलेलं नाही. रोज डबा घेऊन निघते. आशागडला कंपनीची बस समोरून जाते, आणि मी डहाणूच्या रिक्षात बसून इथे सुरूंच्या सावलीत येते. वाईट वाटत नाही असं नाही. पण इथे बसलं की सगळं दुसऱ्या कुणाच्या बाबतीत घडल्यासारखं वाटतं. आज मात्र घरी जाऊन आईला सांगणार आहे.

काल सोमी इथवर शोधत आली. मला परत घेईपर्यंत सोमवारपासून सगळ्या काम बंद ठेवणार आहेत. मी म्हटलं, "नको गं, आत्ता कुठे पगार वाढलाय, तोही जाईल."

ती म्हणाली, "तुला कोणी विचारलंय?" आणि माझ्याच डब्यातली भाकर खात बसली.

तू बोललास, नाही बोललास, तरी तुझीच बहीण,
संगिता