मूळ गाव विचारण्याआधी

नेरूळ, सेक्टर सहा
रविवार, २४ मे

प्रिय सुधीर,

तुला आणि सौ. वैदेहीला श्यामसुंदरचे मनापासून आशीर्वाद. तुझी पाठ, वैदेहीचे गुडघे आणि परसातले आंबे, या सगळ्यांची खुशाली कळव. (आंब्यांची पेटीतून कळवलीस तरी चालेल.) जयमालाची प्रकृती मात्र मी न विचारता तूच कळवावीस. तुझी बहीण तुमच्याकडे गुहागरला येऊन आज सोळा दिवस झाले. मी फोन केला की ती ‘बरी आहे’ एवढंच म्हणते आणि फोन वैदेहीच्या हातात देते. वैदेही मला तिथलं हवामान सांगते. गुहागरच्या वाऱ्याची दिशा या क्षणी माझ्याइतकी कुणालाच ठाऊक नसेल.

तर मूळ मुद्दा. तुमच्या लेकीला, क्षिप्राला, महाप्याला नोकरी लागली, तिने जुईनगरला घर घेतलं आणि दिवाळीनंतर तुम्ही दोघं तिच्याकडे कायमचे राहायला येणार, ही आनंदाची गोष्ट आहे. नव्या माणसाने या शहराबद्दल काय जाणून घ्यावं असं तू विचारलं आहेस. चाळीस वर्षं मी व्यासपीठांवरून हेच सांगत आलो की शहर माणसाला मोकळं करतं. तिथे कुणी कुणाचा आजा-पणजा विचारत नाही. आजही मी ते ठणकावून सांगेन. फक्त आता सांगण्याआधी समोरच्या रांगेत कोण बसलं आहे ते पाहीन.

पहिली गोष्ट पत्त्याची. इथे प्रत्येक उपनगराचे सेक्टर पुन्हा एकपासून सुरू होतात. त्यामुळे नुसतं ‘सेक्टर सहा’ म्हणणं म्हणजे कोकणात ‘आंब्याच्या झाडापाशी’ म्हणण्यासारखं आहे. एकदा माझा सत्कार नेरूळच्या सहात होता आणि मी सानपाड्याच्या सहात पोचलो. तिथल्या हॉलमध्ये कुणाचा तरी साखरपुडा चालला होता. मला पुढे बसवलं, पेढा दिला, दोन शब्द बोलायला सांगितलं. मी नागरिकत्वावर पंचवीस मिनिटं बोललो. मुलीच्या मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. (त्या जोडप्याचं उत्तम चाललं आहे. दिवाळीला शुभेच्छा येतात.)

दुसरी गोष्ट सांगायला अवघड आहे. हे शहर आधी कागदावर काढलं आणि मग जमिनीवर उतरवलं, त्यामुळे ते अजून पुरतं जागं झालेलं नाही. पहाटे खाडीकडे चालत जा. रस्ता रुंद, दिवे पिवळे, आणि तिवरांच्या पलीकडे पाण्यावर एक गुलाबी रेघ पडलेली असते. आपण पाहत राहतो, आणि ती रेघ सावकाश एक पाय उचलते. ते फ्लेमिंगो. मागे वळून पाहिलं तर चौदा-चौदा मजली इमारती धुक्यात कमरेपर्यंत बुडालेल्या, जणू त्याही एका पायावर उभ्या आहेत. माझी अशी समजूत आहे की भरतीच्या वेळी आपण डुलकी काढतो तेव्हा या इमारती हळूच पाण्याकडे वाकून काहीतरी विचारतात. जयमालाला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, जमुनाला विचारा, त्या पाण्याला काय विचारत असतील ते तिला माहीत असेल.

आता जमुनाबाईंबद्दल सांगितलंच पाहिजे. आमच्या शेजारीच सारसोळे आहे, कोळ्यांचं जुनं गाव. जमुनाबाई तिथल्या. बारा वर्षं दर बुधवारी त्या टोपली घेऊन सातव्या मजल्यावर आमच्या दारात येतात. मी घाटावरचा, मला बोंबील आणि बांगडा यांतला फरक फक्त शुद्धलेखनात कळतो. पण गुहागरची मुलगी या अनोळखी शहरात आली तेव्हा तिच्याशी पहिल्यांदा कुणी मनापासून बोललं असेल तर त्या. आमच्या मजल्यावरच्या जिन्याच्या पायरीवर दोघी तासभर बसतात. मासा साफ होतो दहा मिनिटांत, उरलेली पन्नास मिनिटं गप्पा. आमच्या पार्किंगच्या जागी पूर्वी भरतीचं पाणी यायचं आणि त्यात जमुनाबाई लहानपणी खेकडे धरायच्या, हे मला जयमालाकडून कळलं. (आमचा पार्किंग क्रमांक अठरा. तिथे अजूनही ओल धरते, आणि सोसायटी प्लंबरला दोष देते.)

आणि इथे, सुधीर, तिसरी गोष्ट येते, ती ‘गाव’ या शब्दाची. आमच्या सोसायटीच्या फॉर्मात ‘मूळ गाव’ असा रकाना आहे. कुणी सातारा लिहितं, कुणी गुहागर, कुणी नगर. ‘गावी गेलेत’ म्हणजे मे महिना, दाराला कुलूप, शेजाऱ्याकडे तुळस. जमुनाबाई बोलता बोलता म्हणायच्या, जरा गावात जाऊन येते, आणि अर्ध्या तासात परत यायच्या. मी कितीतरी वर्षं त्यांचं गाव अलिबागकडे कुठेतरी धरून चाललो होतो आणि त्यांच्या वेगाचं मनातून कौतुक करत होतो. ते गाव आमच्या फाटकापासून पाच मिनिटांवर आहे. बारा वर्षांत मी तिकडे एकदाही गेलो नव्हतो.

तर एक मे. सेक्टरच्या मैदानात सगळ्या सोसायट्यांचा कार्यक्रम, आणि वक्ता मी. जयमालाने अभिमानाने जमुनाबाईंना आमंत्रण दिलं होतं. त्या चार बायकांना घेऊन आल्या, नऊवारी, अंबाड्यात फुलं, पहिल्या रांगेत. मी रंगात आलो. म्हणालो, या शहरात मूळचा कुणीच नाही. काल इथे चिखल होता, आपण त्यातून नगर उभारलं. आपण सगळे पाहुणे, म्हणून आपण सगळे समान. समतेचं यापेक्षा सोपं गणित आहे का? टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर जमुनाबाई उभ्या राहिल्या.

“सर, तुमी बोल्ले सगली पावनी हायत. मंग यजमान कोन, ता बी सांगा.”

माझ्याकडे साडेतीन हजार पुस्तकं आहेत. त्या क्षणी त्यातलं एकही उघडलं नाही. मी पाणी प्यायलो. त्या पाचही जणी उठून गेल्या. त्यानंतरच्या बुधवारी जयमाला दार उघडं ठेवून बसली, पण बेल वाजली नाही. सहाव्या मजल्याचीही नाही, आठव्याचीही नाही. संध्याकाळी तिने बॅग भरली. भांडली नाही. (भांडली असती तर मी काही मुद्दे मांडले असते.) एवढंच म्हणाली, “तुम्हाला सभा मिळत गेल्या, मला इथे एकच मैत्रीण मिळाली होती. तिने बेल वाजवली की कळवा.” दोन दिवसांनी ती गुहागरच्या गाडीत बसली.

आठ दिवसांपूर्वी, शनिवारी, मी सारसोळ्यात गेलो. माफीची टिपणं काढली होती, अकरा पानं. आमच्या रस्त्यावरून वळलं की गल्ल्या अरुंद होतात, दारांत रांगोळ्या, ओट्यांवर जाळी, आणि कुठल्याच घराला सेक्टर नाही. मी एका आजोबांना पत्ता विचारला. त्यांनी उलट मला विचारलं, कोणाचे तुम्ही? मी म्हणालो, जयमालाचा. त्यांनी लगेच वाट दाखवली. जमुनाबाई जेट्टीवर कोळंबी निवडत होत्या. मी प्रस्तावनेला सुरुवात केली. इतिहासातलं पहिलं वळण आलं तेव्हा त्या म्हणाल्या, उभं राहून बोलण्यापेक्षा ही टोपली धरा. मी धरली. टोपली धरून हातवारे करता येत नाहीत, आणि हातवाऱ्यांशिवाय माझं तिसरं पान पुढे सरकत नाही.

मग त्यांचे यजमान गणूभाऊ यांनी मला होडीत बसायची खूण केली. सुधीर, तो एक तास मला नीट सांगता येणार नाही. तिवरांतून वाट निघत होती, आमच्या मागे मिटत होती. गणूभाऊ तासाभरात चारच वेळा बोलले, आणि चारही वेळा पाण्यातल्या जागांची नावं सांगितली. हे वळण त्यांच्या आजाचं, ही खाच जमुनाच्या बापाची. पाण्याला इतकी नावं, आणि आम्ही जमिनीला नुसते आकडे दिले. दूरवर आमची इमारत दिसत होती, फिकी, कुणाच्या तरी झोपेत उभी असल्यासारखी. सातव्या मजल्यावर जयमालाची निळी साडी वाळत होती. (ती गेली त्या दिवसापासून तिथेच आहे. मला काढता आली असती, पण काढली नाही.) जिथे काल फक्त चिखल होता असं मी माइकवरून सांगितलं, तिथे ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या घरच्यासारखी वावरत होती.

परत आलो तेव्हा टिपणं ओली झाली होती. मी म्हणालो, “माझं चुकलं.” माझ्या आयुष्यातलं सर्वांत लहान भाषण. जमुनाबाई म्हणाल्या, “बरा. आता बाय कंदी येते ता सांगा.” बाय म्हणजे जयमाला.

तेव्हा मला माफी मिळाली आहे असं मी समजतो. नव्या माणसाने इथे काय जाणावं याचं उत्तर यातच आलं. दिवाळीनंतर या, जुईनगर इथून जवळच आहे. क्षिप्राला माझे आशीर्वाद, वैदेहीला नमस्कार सांग आणि हवामान कळवत राहा म्हणावं.

तुझा,
श्यामसुंदर

ता. क. जमुनाबाईंचं बोलणं मी वर पुरतं लिहिलं नाही. ‘माझं चुकलं’ म्हटल्यावर आधी त्या खूप हसल्या. म्हणाल्या, “भाषन कोन मनावर घेतो, सर? त्या दिवशी मना सवाल पडला, मी इचारला, आनि घरी मासली पडली व्हती म्हनून गेलू. मी येत नाय ती तुमच्या लिफ्टीतल्या पाटीपाई. सात माले या गुडघ्यांनी चढू काय?” एप्रिलच्या शेवटी आमच्या सोसायटीने लिफ्टमध्ये सूचना लावली होती, मासेविक्रेत्यांनी लिफ्ट वापरू नये. खाली अध्यक्षांची सही. अध्यक्ष मी. सेक्रेटरीने एका संध्याकाळी बारा कागद पुढे केले, आणि मी जगातलं सगळं वाचतो, तेवढे सोडून. त्याच सूचनेला पाठ टेकून मी तीन आठवडे रोज सात मजले वर-खाली करत होतो. जयमालाला हे ठाऊक नाही. ती माझ्यावर भाषणासाठी रागावली आहे. तू सांग, तुझ्या तोंडून ऐकून कदाचित हसेल.

ता. क. २. गेल्या रविवारी कमिटीत मी सूचना काढून टाकायला लावली. बुधवारी जमुनाबाई लिफ्टने वर आल्या, बेल वाजवली. बाय नाही म्हटल्यावर टोपली उतरवलीच नाही. पायरीवर एकट्याच थोडा वेळ बसल्या आणि गेल्या. हे पत्र लिहायचं खरं कारण तेवढंच आहे. जयमालाला पाठव.

ता. क. ३. दर बुधवारी दहा ते बारा मी वाचनालयात असेन, हेही तिला सांग. त्याने बराच फरक पडेल, असं जमुनाबाईंचं मत आहे.