धक्क्यावरच्या बाईचा दुसरा भाग

वाशी,
१८ नोव्हेंबर १९८४

ती. ताईस,
जयप्रकाशचा सप्रेम जयभीम.

आम्ही इथे ठीक आहोत. मालतीचा खोकला गेला. नळाला सकाळी अर्धाच तास पाणी येतं, त्यावरून सोसायटीत रोज नवं टेन्शन. तू पाठवलेले सोडे मिळाले, दोनदा कालवण केलं. मालती म्हणाली, ताईंना कळव. मी कळवतो म्हणालो आणि महिना घालवला.

मागच्या पत्रात तू विमलकडून लिहून घेतलंस, "तुझ्या पिक्चरचा दुसरा भाग पहिल्यासारखा झालाय का? इथले लोक बघून आले, पण मला कोनी काय सांगत नाय." शेवटी दोन ओळी होत्या. लाँचचे तांडेल मुख्तारभाई हल्ली चहाला थांबत नाहीत. पनवेलचे पाहुणे विमलला पसंत करून गेले, ते पुन्हा आले नाहीत, कारण कळलं नाही.

पेपरात आलंय की दुसऱ्या भागाला पहिल्याची सर नाही. ऑफिसातले म्हणतात, दुसऱ्या भागांचं असंच होतं, निर्माते बिघडवतात. मीही मान हलवतो. तुलाही तेच लिहिणार होतो. दोन पत्रं तशी लिहून फाडली.

ताई, पहिला भाग चांगला झाला कारण त्यात माझं काहीच नव्हतं. भावजी परदेशी बोटीवर गेले ते सात वर्षं परतले नाहीत. तू मोऱ्याच्या धक्क्यावर चहाची टपरी टाकलीस, विमलला वाढवलंस, मला बी.ए. केलंस. मग एक दिवस ते लाँचमधून उतरले. तू त्यांना चहा दिलास, बाकड्यावर बसू दिलंस आणि म्हणालीस, "शेवटची लाँच साडेपाचला हाय." मी शेजारी उभा होतो. पाहिलं ते लिहिलं. थिएटरात त्या वाक्यानंतर कोणी जागचं हललं नव्हतं, तुला आठवत असेल. तू पदराने तोंड झाकून बसली होतीस.

मग निर्माता म्हणाला, बाईचं पुढे काय होतं ते लिहा. पुढे काय होतं? तू रोज पहाटे स्टो पेटवत होतीस, एवढंच. मी तेवढंच लिहून दिलं, त्याने तो कागद परत केला. म्हणाला, हिने नवऱ्याला असंच कसं घालवलं, कोणीतरी असणारच. मी दोन दिवस मागून घेतले.

आता लिहितो. दुसऱ्या भागात लाँचचा तांडेल मी आणला. भाऊच्या धक्क्यावरून तिच्यासाठी चहापावडर आणणारा, दोन बोटं नसलेला तांडेल. निर्मात्याने नुसतं कोणीतरी म्हटलं होतं, त्याला मुख्तारभाईंचाच हात मी दिला. नवरा बोटीवर असतानाच दोघांचं जमलेलं होतं, असं मी लिहिलं. मला पुन्हा माझं नाव पडद्यावर हवं होतं. दुसरं कारण शोधलं, सापडलं नाही.

म्हणून तुला कोणी काही सांगत नाही. मुख्तारभाई तुझ्याकडे चहाला थांबत नाहीत, ते म्हणूनच. पनवेलचे पाहुणेही.

आणखी एक. गेल्या महिन्यात मी एस.टी.ने उरणला येऊन तो पिक्चर लोकांत बसून पाहिला, तुझ्याकडे न येता. तांडेल पहिल्यांदा दिसला तेव्हा मागून कोणी मुख्तारभाईंचं नाव घेतलं आणि पोरं हसली. माझ्यापुढे तीन रांगांवर विमल होती, मैत्रिणींबरोबर. ती उठली आणि एकटी बाहेर गेली. दारात तिने मागे वळून पाहिलं. मी वाकून चपलेचा पट्टा लावत राहिलो. तिने मला पाहिलं की नाही, माहीत नाही. तिने तुला काही सांगितलेलं नाही, एवढं तुझ्या पत्रावरून दिसतं.

काल मी मुख्तारभाईंच्या घरी गेलो. ते लाँचवर होते. नूरजहाँभाभीने दार उघडलं, बस म्हणाली नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "माज्या माणसाला मी वळखते. भागीरथीला पन वळखते. तरी मी तिच्याकडं जायचं सोडलं. लोक बघतात म्हनून." मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? लिवून दे. लोकांनी पिक्चर बघितला, आता हे ऐकू देत."

म्हणून हे पत्र पोस्टाने येत नाही. उद्या सकाळी मी ते उघडंच भाभीच्या हातात देणार आहे. एरवी विमल तुला पत्र वाचून दाखवते, पण हे तिच्या तोंडून नको. भाभी टपरीवर येऊन वाचेल, लाँच लागलेली असेल तेव्हा, मोठ्याने. मी बाकड्याशी उभा असेन. भाभीने तसं बजावलंय आणि मलाही तेच बरं वाटतं. पनवेलला मी तिथूनच जाणार आहे. ते ऐकतील की नाही, सांगता येत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. नाही ताई, पहिल्यासारखा झाला नाही. पहिला तुझा होता.

वाचून झाल्यावर मला चहा देऊ नकोस. लाँचची वेळ सांगितलीस तर मी निघेन.

तू शिकवलेला,
जयप्रकाश